पन्हळीचं पाणी

आमच्याकडे शेवाळ कशावरही उगवतं. कुंपणावर, पायऱ्यांवर, उभ्या गाडीच्या खिडकीच्या रबरावर. माझा नवरा जरा वेळ एका जागी बसला तर त्याच्यावरही उगवेल, असं मी त्याला तोंडावर सांगते. माझ्या लहानपणी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. हिरवं छप्पर म्हणजे छप्पर. आता विमा कंपन्या वरून ड्रोन फिरवतात, छपराचे फोटो काढतात आणि फोन करून दम देतात: शेवाळ काढा, नाहीतर उद्या छप्पर डोक्यात पडलं तरी आम्हाला विचारायला येऊ नका. आम्हाला असा फोन दोन वर्षांमागे आला. तेव्हापासून दर मार्चमध्ये आमचा मुलगा कर्टिस येतो आणि छप्पर साफ करून जातो. न सांगता येतो, गुणी आहे. मी त्याला खाऊपिऊ घालते आणि आशीर्वाद देते. दोन वर्षं मी आशीर्वादच देत होते.

नवरा माझा आयनर. वय अठ्ठ्याहत्तर, हृदय त्याहून म्हातारं. नाकात ऑक्सिजनची नळी, पाठीवर त्याचं नळकांडं. डॉक्टरने चढउतार करू नको म्हणून बजावलंय आणि हा माणूस रोज सकाळ-संध्याकाळ रबरी बूट चढवून मागच्या उतारावरून ओढ्यावर जातो. तिथे त्याचं पिंप आहे, निळं, प्लास्टिकचं. वरच्या अंगाने ओढ्याचं पाणी एका नळीने पिंपात शिरतं आणि दुसऱ्या नळीने परत ओढ्यात पडतं. आत खडे, आणि खड्यांमध्ये सॅमन माशांची अंडी. हिवाळ्यात मत्स्य खात्याची बाई ती देऊन जाते. पिल्लं निघतात तेव्हा पोटाला नारिंगी पोटली लोंबत असते, तिच्यावरच ती जगतात. पोटली आत गेली, पोटाची शिवण मिटली, की आमच्याकडे म्हणतात, पिल्लांनी बटणं लावली. मग ती आपली आपण नळीतून बाहेर पडतात. वर्षभर ओढ्यात वाढतात, मग नदीने समुद्रात जातात, आणि मोठी होऊन ह्याच ओढ्यात परत येतात. आयनरच्या बापाच्या वेळी ओढा त्यांनी भरून जायचा. मग एकही येईना. आयनरने पिंप बसवलं आणि काही वर्षांनी पहिली जोडी परत आली, तेव्हा हा माणूस चिखलात बसून लहान पोरासारखा रडला होता.

आणि मग सलग दोन वर्षं पिल्लं पिंपातच मेली. बटणं लावायच्या बेताला आलेली. झाकण उघडलं तर सगळी पांढरी पडून तळाला, तोंडं उघडी. दुसऱ्या वर्षी आयनर ती गाळणीने काढत होता आणि मी बादली धरून उभी होते. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. यंदा अंडी देताना मत्स्य खात्याची बाई म्हणाली, "आयनर, ही शेवटची. हीसुद्धा गेली तर ओढाच मेला असं धरू. परत अंडी देता येणार नाहीत." आयनर हसला आणि बरं म्हणाला. ती गेल्यावर मला म्हणाला, "पुढच्या वर्षी मी तरी कुठे असणार आहे?"

हे असं. तर आमच्या घरात पणाला काय लागलं होतं ते कळलं ना?

गेली दोन वर्षं त्याने गल्लीला सळो की पळो करून सोडलं होतं. ओढा सगळ्यांच्या परसातून जातो, आमचं घर सगळ्यात वर. पिंपातून सुटलेली पिल्लं खाली सगळ्यांच्या परसातूनच जाणार. कुणाच्याही दारात जाऊन उभा राहायचा आणि एकच विचारायचा, "हे पाणी कुठे जाणार?" मार्विन टब्स फाटकासमोर गाडी धुवायचा. आयनर त्याला म्हणाला, "फेस गटारात, गटार ओढ्यात. गाडी हिरवळीवर घेऊन धू, नाहीतर धुऊन देणाऱ्याकडे ने." मार्विनने शिव्या घातल्या, पण गाडी हिरवळीवर घेतली. गवताला खत टाकणारे थांबले, रंगाचे ब्रश बाहेरच्या नळाखाली धुणारे थांबले. लोक समोर तोंड वाकडं करायचे आणि मागे ऐकायचे. म्हाताऱ्याचा तेवढा दरारा आहे.

सगळ्यात जास्त छळलं ते शेजारच्या लोरेनला. लोरेन पिकेट, विधवा बाई, एकटी. तिचा ओटिस नावाचा थोराड कुत्रा होता. तो नेमका त्याच सुमाराला आला होता, पिल्लं मरायला लागली तेव्हा. त्याने पिंपाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठाला घाण केली की आयनर थेट तिच्या दारात. लोरेन बिचारी पिशवी घेऊन त्याच्यामागे फिरायची, तरी ह्याचं समाधान नाही. दुसऱ्या वर्षी पिल्लं मेली तेव्हा तर ह्याने भर रस्त्यात तिला म्हटलं, "तुझ्या कुत्र्याने मारली ती." तिने ओटिसला डोंगरापलीकडे बहिणीकडे पाठवून दिलं. तिथे तो हिवाळ्यात मेला. मी लेफ्से, आमच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, भाजून घेऊन गेले होते तिच्याकडे. तिने दारातच घेतल्या आणि दार लावलं.

कुत्रा गेला आणि यंदा पिल्लं जगत होती. आयनर मला दोनदा म्हणाला, "बघितलंस? मी म्हणत नव्हतो?" तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला गप्प बस म्हटलं.

आता एक जस्ताची गोष्ट सांगते, मग पुढे जाते. पिंप बसवलं तेव्हा त्या खात्याच्या बाईने पहिली ताकीद दिली होती: जस्ताचा हात दिलेलं काही पाण्याला लागता कामा नये. जस्ती बादली नको, जस्ती पाईप नको. माणसाला काही होत नाही, पण पिल्लांचे कल्ले त्याने जळतात. झालं! आयनरने त्याच दिवशी घरातली झाडून सगळी जस्ती भांडी गाडीत भरली आणि टाकून आला. माझ्या आईचा कपडे धुवायचा टबसुद्धा त्याला न्यायचा होता. मी म्हटलं, "हात लावून बघ." तो टब मी लाकडांच्या मागे लपवून ठेवला. इतका हा माणूस जस्ताच्या बाबतीत पक्का होता.

त्या शनिवारी सकाळी आयनर ओढ्यावरून वर आला तोच खुशीत. "आणखी दोन-तीन दिवस, सोल्वे. निम्म्यांनी बटणं लावलीत." दुपारी जेवून तो आडवा झाला आणि घोरायला लागला. मी बाहेर आले. आभाळ पश्चिमेकडून खाली उतरत होतं, शिशाच्या रंगाचं, आणि वारा अजिबात नव्हता. ओढ्यावर रोज दगडावर नाचणारा तो करडा पक्षी दिसत नव्हता. मला उगीचच कसंतरी झालं. वय झालं की असं होतं, म्हणून मी सोडून दिलं.

वर छपरावर कर्टिस होता. शिडी लावून केव्हा चढला मला कळलंही नव्हतं. हातातल्या डब्यातून काहीतरी पांढरं भुरभुरत होता. छपराचा अर्धा भाग पीठ सांडल्यासारखा दिसत होता.

"अरे, आल्याचं सांगायचं तरी!" मी खालून ओरडले. "कॉफी ठेवते."

"ठेव, आलोच. पाऊस यायच्या आत उरकायचंय."

"पाऊस येतोय तर आज कशाला चढलास मेल्या, घसरशील!"

"पाऊस येतोय म्हणूनच आज टाकतोय, आई. पावसाने हे विरघळतं आणि शेवाळाच्या मुळाशी जातं. कोरडं नुसतं बसून राहतं."

"आणि उरलेलं?"

"उरलेलं जातं पन्हळीतून. बाबांचा पाईप आहे ना. बागेत नाही जात, काळजी करू नको, तुझ्या डेलिया सुखरूप."

बाबांचा पाईप! हे घर बांधलं तेव्हा आयनरने स्वतः खणून पुरलेला. पन्हळीचं सगळं पाणी जमिनीखालून थेट ओढ्यात. त्याचं तोंड काट्यांच्या झुडपाखाली आहे, पिंपात पाणी नेणाऱ्या नळीच्या जरासं वर. तो पाईप आहे हे आम्ही दोघंही विसरून गेलो होतो. गल्लीतल्या प्रत्येकाला पाणी कुठे जाणार विचारत फिरणारा माणूस स्वतःच्या पन्हळीखाली रोज उभा राहून बूट चढवत होता, पण त्याने कधी मान वर केली नाही.

"कर्टिस," मी म्हटलं. "त्यात काय असतं रे?"

"जस्त," तो म्हणाला. "त्याने शेवाळ वर्षभर डोकं वर काढत नाही. सगळी गल्ली हेच वापरते."

मी शिडीला धरलं. दोन वर्षांचे दोन मार्च, दोन वेळा छप्पर, दोन वेळा पिल्लं. माझ्या पोराने प्रेमाने, न सांगता, बापाला त्रास नको म्हणून. आणि लोरेनचा कुत्रा डोंगरापलीकडे पुरलेला.

"खाली ये," मी म्हटलं. "नाही, खाली नको येऊस. वरच थांब. झाड ते! सगळं झाडून काढ!"

"आई, तुझं डोकं फिरलंय का?"

"बाबांची पिल्लं ह्यानेच मेली, कर्टिस. आपल्या छपराने."

तो वर उभाच राहिला. तोंड उघडं. मग त्याने आभाळाकडे पाहिलं. एवढा मोठा बाप्या, पण चेहरा असा झाला की मला त्याला वर जाऊन जवळ घ्यावंसं वाटलं. पण वेळ कुठे होता?

खराटा मी वर फेकला. कपाटातल्या धुतलेल्या चादरी काढल्या, चांगल्याही काढल्या. तो पांढरी पूड झाडून चादरीवर ओढायला लागला, पण कोरड्या शेवाळात ती आतपर्यंत घुसली होती. निम्मी निघाली, निम्मी निघेना. मी पन्हळीचा उभा पाईप भिंतीपासून सोडवायला गेले. गंजलेले स्क्रू ते, हलतात कशाला! मी त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या चर्चमध्ये कुणी ऐकल्या असत्या तर मला दारातून आत घेतलं नसतं.

"काय चाललंय?" मागून आवाज आला. कुंपणापलीकडे लोरेन उभी होती, हात छातीशी बांधून. इतक्या महिन्यांत तिने माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

मला खोटं बोलता आलं असतं. पण मी एवढी घाबरले होते की जे होतं ते तोंडातून बाहेर पडलं. जस्त, पाईप, पिल्लं, आभाळ. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा तिने डोळे मिटले. बोलून झालं तेव्हा मला वाटलं, आता ही घरात जाणार आणि दार लावणार. तिचा तो हक्क होता.

ती घरात गेली खरी. परत आली ती हातोडी आणि भलामोठा प्लास्टिकचा टब घेऊन. ओटिसला अंघोळ घालायचा टब. कडेला त्याच्या दातांच्या खुणा होत्या.

"बाजूला हो," ती मला म्हणाली. "स्क्रू असा निघतो का कधी?" आणि तिने पाईपवर हातोडी अशी काही हाणली की तो जोडाच्या जागी तुटून बाजूला झाला. माझ्या मनात आलं, हा घाव पाईपवर बसला हेच बरं झालं.

पहिला थेंब माझ्या मनगटावर पडला. मग पत्र्यावर टप, टप. कर्टिस वरून ओरडला, "येतोय!" आम्ही तुटक्या पाईपखाली टब सरकवला. मी धावत जाऊन लाकडांमागून आईचा जस्ती टब ओढून आणला. जस्ताचं पाणी धरायला जस्ताच्या टबाचं काय बिघडतंय? छपरावरून पहिलं पाणी आलं ते दुधासारखं. ओटिसचा टब भरला, तो आम्ही दोघींनी हाशहुश करत गॅरेजमध्ये ओढला. आईचा टब भरला. लोणच्याच्या बरण्या, कचऱ्याचा डबा, नातवाचा डुंबायचा प्लास्टिकचा हौद, सगळं भरलं. आणि पाऊस तर आत्ता कुठे सुरू झाला होता.

"आता?" लोरेन म्हणाली.

रस्त्याकडे सोडलं तर गटार, गटारातून ओढा. मागे सोडलं तर थेट ओढा. उरली बाग. माझ्या डेलिया, आजीच्या कंदांपासून चालत आलेल्या. त्या वाफ्याची माती खोल आहे, पाणी पिऊन टाकते आणि जस्त धरून ठेवते. पण त्यात मग काय उगवणार? मी तुटका पाईप उचलला आणि त्याचं तोंड वाफ्याकडे वळवलं. पांढुरकं पाणी नुकत्याच फुटलेल्या कोंबांवरून पसरत गेलं. मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण डोळे पुसले नाहीत. पावसात कोण बघतंय!

"सोल्वे?"

आयनर मागच्या दारात उभा होता. बूट एकाच पायात, नळी नाकातून निसटलेली. त्याने आधी चिंब झालेल्या मला पाहिलं, मग छपरावर खराटा घेऊन बसलेल्या मुलाला, मग लोरेनला.

"पन्हळ गळतेय," मी म्हटलं. "आत जा, भिजशील."

"बाबा," कर्टिस वरून म्हणाला. त्याला खोटं कधी जमलंच नाही. "वर जस्त आहे, बाबा. मी टाकलं. मागच्या वर्षीही, त्याच्या आधीही."

आयनरने मान वर केली आणि छप्पर पाहिलं. मग त्याची नजर पन्हळीवरून तुटक्या पाईपवर आली, तिथून जमिनीत गेलेल्या तुकड्यावर, आणि तिथून उतारावरून खाली, काट्यांच्या झुडपापर्यंत. तो पाईप कुठे जातो हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? खोरं त्यानेच मारलं होतं.

लोरेनच्या केसांतून पाणी निथळत होतं. ती त्याच्याकडे बघत होती.

"म्हणजे माझ्या ओटिसने काही केलं नव्हतं," ती म्हणाली. शांतपणे. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग ती कुंपण ओलांडून निघून गेली.

त्या रात्री आयनर जेवला नाही. सकाळी तो ओढ्यावर गेला तेव्हा मी खिडकीशी उभी राहिले. झाकण उघडून तो बराच वेळ वाकून बसला. माझा जीव टांगणीला लागला होता. मग त्याने माझ्याकडे बघून हात वर केला. जिवंत होती.

मंगळवारी पिल्लं पिंपातून बाहेर पडायला लागली. मी त्याला धरून खाली नेलं. नळीच्या तोंडातून एकेक काळी रेघ सुटत होती, पाण्यात पडत होती आणि दगडाआड दिसेनाशी होत होती. इतकी वर्षं वाट बघितली त्याने ह्या घटकेची, पण तो हसला नाही. तो ओढ्याकडे बघतही नव्हता. तो खालच्या अंगाला बघत होता, मान वर करून. मग मीही तिकडे पाहिलं.

खालच्या अंगाला गल्लीतली घरं होती, ओढ्याला पाठी लावून बसलेली. एकाही छपरावर शेवाळ नव्हतं. सगळी स्वच्छ, विमा कंपनीला आवडतील अशी. आणि मार्विन टब्सच्या छपराला शिडी लावलेली होती. वरची बाजू पांढरी दिसत होती. पश्चिमेला आभाळ पुन्हा उतरायला लागलं होतं. आणि पिल्लं खालीच निघाली होती.

आयनर उतार चढला. कसा चढला देव जाणे, मध्ये दोनदा थांबला, ओठ निळे पडले. मी म्हणत होते, "मी जाते, तू बस." ऐकेल तर आयनर कसला! पण तो आधी मार्विनकडे गेला नाही. गॅरेजमधून त्याने ओटिसचा टब घेतला. ते गढूळ पाणी आम्ही आदल्या दिवशीच विषारी कचरा घेतात तिथे डबे भरून देऊन आलो होतो. टब घेऊन तो लोरेनच्या दारात उभा राहिला, टोपी काढून.

तिने दार उघडलं. टबाकडे पाहिलं. कडेच्या त्या दातांच्या खुणांवरून तिने एकदा अंगठा फिरवला.

"धुतलेला दिसतोय," ती म्हणाली. "धुतल्याचं पाणी कुठे गेलं, आयनर?"

"डेलियाच्या वाफ्यात." त्याला धाप लागली होती. "लोरेन, ते माझं छप्पर होतं. मी तुला, ओटिसला..."

मी फाटकाशी उभी होते. मला वाटलं आता दार लागणार. आयनरने हात करून मार्विनच्या छपराकडे दाखवलं, मग आभाळाकडे, मग ओढ्याकडे. म्हणाला, "निघालीत ती. आत्ता."

लोरेनने बाहेर येऊन शिडीकडे पाहिलं. मग आत गेली आणि हातोडी घेऊन, रेनकोटात हात घालत बाहेर आली.

"तू इथेच बस," ती त्याला म्हणाली. "मार्विन तुझं ऐकणार नाही. तुझं आता ह्या गल्लीत कोणी ऐकणार नाही."

आयनर तिच्या पायरीवर बसला, टब मांडीवर घेऊन. मी फाटकातून बघत होते. लोरेन रस्त्याने चालत नव्हती, पळत होती. मार्विन छपरावरून तिला हात हलवत काहीतरी विनोद करत होता, आणि दुसऱ्या हाताने पूड टाकतच होता.

आयनरच्या मांडीवरच्या टबात टप्‌ करून वाजलं. त्याने आत पाहिलं. मग दुसरा थेंब पडला.